कावीळ उतरली, पण कशाने?

अहिल्यानगर शहरातून मनमाड रस्त्याने निघून सीना ओलांडली की नागापूर लागते. तिथली औद्योगिक वसाहत आणि तिच्या आधाराने वाढलेली वस्ती जिल्ह्याला परिचित आहे. इथल्या घरांतून सकाळी काही जण पाळीवर जातात, तर काही मुले-मुली महाविद्यालयात. अनेक घरांत पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी असते. इथे काय किंवा जिल्ह्यात इतरत्र काय, एखाद्या घरात कावीळ निघाली की शेजारपाजारचा सल्ला बहुधा ठरलेला असतो. ‘अमुक गावचा माणूस माळ देतो. माळ गळ्यातून खाली उतरत जाते, तशी कावीळ उतरते. आमच्या चुलत्यांची उतरली.’

चुलत्यांची कावीळ उतरली, हे खरेच असते. सांगणारा खोटे बोलत नाही. माळही खरोखर लांबते. ताज्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठींत ओवलेले असतात. ते वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि दोरा वाढतो. गळ्याऐवजी खुंटीला अडकवली तरी माळ लांबेलच. पण एवढे सांगून भागत नाही. माळ का लांबते ते कळले, तरी माणूस का बरा झाला हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर आजाराच्या स्वभावात आहे. दूषित पाण्या-अन्नातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ या विषाणूंची कावीळ बहुतेक निरोगी माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घाला, काढा घ्या किंवा नुसती विश्रांती घ्या. शंभरातल्या बहुतेकांना उतार पडणारच. म्हणून माळ देणाऱ्याचे यश कधी आटत नाही. शिवाय बरा झालेला माणूस नारळ घेऊन परत येतो आणि चार जणांना सांगतो. बरा न झालेला परत येत नाही. तो रुग्णालयात जातो, किंवा तेही जमत नाही. माळ देणाऱ्याच्या दारात अपयशाची नोंदच होत नाही.

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात मात्र ती होते. गळ्यात माळ तशीच, डोळे हळदीसारखे पिवळे, रुग्ण झोपाळलेला आणि असंबद्ध बोलणारा. सोबतचे लोक सांगतात, ‘कालपर्यंत बरा होता.’ यकृत निकामी होऊ लागल्याची ही खूण असते. कुणाची कावीळ पित्तनलिकेतल्या खड्याची निघते, कुणाची लेप्टोस्पायरोसिसची, कुणाची ‘बी’ विषाणूची, कुणाची कर्करोगाची. सर्वांत जपायचे ते गरोदर स्त्रीला. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ विषाणूची कावीळ झाली तर मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. अशा घरात आठ दिवस माळ लांबण्याची वाट पाहणे परवडणारे नसते.

वर्गात हा दावा मांडला तर

समजा, पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात प्राध्यापकांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिले: ‘माळेने कावीळ बरी होते, शंभर जणांचा अनुभव आहे.’ वर्गात तीन प्रकारची मुले निघतील. काही जण हसून ‘अंधश्रद्धा’ म्हणतील. काही जण दुखावतील, कारण त्यांच्या घरात कुणी तरी बरे झालेले असेल. आणि बहुसंख्य मुले वही उघडून बसतील. सर उत्तर सांगतील, ते उतरवून घ्यायचे.

यातला कोणताही प्रतिसाद म्हणजे विचार नव्हे. ‘अंधश्रद्धा’ म्हणून हसणारा विद्यार्थी हे मत तयार मिळालेले असल्यामुळेच मांडतो. उद्या तोच मोबाईलवर आलेला ‘सात दिवसांत मधुमेह मुळापासून घालवा’ हा संदेश पुढे पाठवतो, कारण त्यात गंडा-दोरा नसतो. पांढरा कोट, आलेख आणि इंग्रजी शब्द असतात. दावा कोणत्या वेशात आला आहे यावरून त्याचा खरेखोटेपणा ठरवायची सवय दोन्ही ठिकाणी तीच असते.

चिकित्सक विचार हा वेश बाजूला ठेवून काही साधे प्रश्न विचारतो. शंभर जण बरे झाले, ते एकूण कितींपैकी? ज्यांनी माळ घातली नाही, त्यांचे काय झाले? जे परत आले नाहीत, त्यांची चौकशी कोणी केली? कावीळ नेमकी कशाची होती, हे तपासले होते का? आणि शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न: काय दिसले तर माझे मत चुकले असे मी मान्य करीन? हा प्रश्न माळेवर विश्वास ठेवणाऱ्याला जितका लागू आहे, तितकाच हसणाऱ्यालाही.

चौथे वर्ष येऊ घातले आहे

हे सारे आताच बोलण्याला कारण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा होतो आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी घेता येईल आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असेल. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून ही रचना स्वीकारली. म्हणजे येत्या दोन-तीन वर्षांत तालुक्याच्या गावांतूनही विशीतली हजारो मुले ‘संशोधक’ म्हणून प्रबंध लिहू लागतील.

ही संधी मोठी आहे आणि धोकाही तेवढाच मोठा आहे. पदव्युत्तर आणि पीएचडीच्या पातळीवर या देशात संशोधनाचे काय झाले, ते समोर आहे. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून शिरलेली १००९ नियतकालिके २०१८ मध्ये तपासली, तेव्हा त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असल्याचे दिसले. कुठे पत्ता नाही, कुठे संपादकांची नावे नाहीत, कुठे खोटे क्रमांक. त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४३०५ नियतकालिके काढून टाकली. बढतीसाठी आणि पदवीसाठी छापील निबंध लागतो, एवढेच कारण पुरले आणि पैसे घेऊन छापणारा बाजार उभा राहिला. तोच नियम पदवीच्या चौथ्या वर्षाला लावला, तर तो बाजार आणखी पसरेल आणि मुलांच्या हाती संशोधनाच्या नावाखाली फक्त बांधीव वही पडेल.

म्हणून चौथ्या वर्षी मुलांनी काय लिहिले यापेक्षा ती काय विचारायला शिकली, हे महत्त्वाचे. त्यासाठी परदेशी पाठ्यपुस्तक उघडण्याआधी याच जिल्ह्याकडे पाहावे.

जामखेडचा आकडा

नगरहून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर जामखेड आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, बहुतेक अशिक्षित, स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या स्त्रिया जन्म-मृत्यूची नोंद ठेवू लागल्या, गरोदर स्त्रियांकडे लक्ष देऊ लागल्या, जुलाबाच्या मुलांना साखर-मिठाचे पाणी पाजू लागल्या. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला.

हा आकडा ऐकून कुणाचाही ऊर भरून येईल. ऑनर्सच्या वर्गात मात्र तो भरून आल्यावरही पुढचा प्रश्न विचारला गेला पाहिजे. या काळात इतरत्रही मृत्यू कमी होत नव्हते का? देशाचा अर्भक मृत्यूदर १९७१ मध्ये १२९ होता, २०१० मध्ये ४७ झाला. रस्ते आले, लसी आल्या, मुली शिकू लागल्या. मग दीर्घ काळात जामखेडच्या गावांत जी सुधारणा टिकली, तिचे श्रेय प्रकल्पाला किती आणि काळाला किती?

असा प्रश्न विचारणे म्हणजे आरोळ्यांचा अपमान नव्हे. संशोधकांच्या एका गटाने तो खरोखर विचारला. प्रकल्पातली गावे आणि त्यांच्यासारखीच, पण प्रकल्पाबाहेरची गावे घेऊन त्यांनी मुलांच्या मृत्यूंची तुलना केली. त्यांचा निबंध २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये आला. निष्कर्ष असा: वयाचा पहिला महिना उलटल्यानंतर पाच वर्षांपर्यंतच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत मात्र तसा फरक दिसला नाही.

तीस टक्के हा आकडा १७६ वरून ५२ इतका झळाळणारा नाही. पण तो अधिक पक्का आहे, कारण त्याच्या शेजारी तुलनेची गावे उभी आहेत. आणि ‘पहिल्या महिन्यात फरक दिसला नाही’ हे वाक्य तर विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. एवढ्या गाजलेल्या कामावर लिहिताना ते वाक्य गाळण्याचा मोह कुणालाही झाला असता. ते लिहिले गेले, म्हणूनच पहिल्या तीस टक्क्यांवर विश्वास बसतो.

महिन्याच्या आतली बाळे

पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंचे कोडे महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, आधीच हाती घेतले गेले होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाला उबदार ठेवणे, वजन करणे, श्वास गुदमरला तर मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविक देणे, अशी ती कामे. शेजारची ४७ गावे तुलनेसाठी होती. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली निकाल प्रसिद्ध झाला. कामाच्या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ते ५८ होते आणि ५९.६ राहिले. तुलनेच्या गावांचा हा न हललेला आकडा नसता, तर पहिल्या आकड्याचा अर्थ निम्मा झाला असता.

इथेही एखादी चौकस विद्यार्थिनी हात वर करील: ‘सर, कोणत्या गावात काम करायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवले होते का?’ तसे ठरवले नव्हते. दोन्ही गटांत आधीपासून काही लपलेला फरक असू शकतो, ही तिची शंका रास्त आहे. तिला गप्प बसवणारा शिक्षक नापास. तिला पुढचा निबंध शोधायला लावणारा शिक्षक पास. बांगलादेशात सिल्हेट जिल्ह्यात अशाच प्रकारची घरपोच काळजी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या भागांत दिली गेली. २००८ मध्ये आलेल्या निकालानुसार नवजात मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले. गडचिरोलीइतकी मोठी घट नाही, पण दिशा तीच. एकाच प्रश्नाला दोन ठिकाणी, दोन पद्धतींनी उत्तर मिळाले आणि दोन्ही उत्तरे एकाच बाजूला झुकली. भारताने २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांची घरपोच काळजी देशभर सुरू केली, तिच्यामागे अशा पुराव्यांची साखळी उभी होती.

दावा, शंका, तुलना, पुन्हा शंका, दुसऱ्या ठिकाणी पडताळणी. संशोधन हे नाव या साऱ्या क्रमाला आहे. प्रबंध ही त्याची केवळ नोंद.

स्वतःच्याच औषधाची परीक्षा

दुसऱ्याचा दावा तपासणे तुलनेने सोपे असते, कस लागतो तो स्वतःचा दावा तपासताना. त्याचे उदाहरण कोकणात आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी माणसे पाहिली. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. विषाने शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी होते. रक्तदाबाच्या ‘प्राझोसिन’ या साध्या, स्वस्त गोळीने हा क्रम अडवता येतो, हे त्यांनी १९८० च्या दशकात दाखवले. विंचूदंशाचे मृत्यू त्यामुळे झपाट्याने घटले. बावस्कर हे नाव आणि प्राझोसिन हे औषध वैद्यकीय जगात जोडीने घेतले जाऊ लागले.

इथे थांबले असते तरी त्यांची कीर्ती अबाधित राहिली असती. पण विंचवाच्या विषावरील प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिले, तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा फायदा होतो का, हा प्रश्न बावस्कर दांपत्याने स्वतःच घेतला. सत्तर रुग्णांची नशिबाच्या सोडतीप्रमाणे दोन गटांत विभागणी केली, ३५ आणि ३५. निकाल २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसते प्राझोसिन मिळालेल्यांपैकी फक्त ८. आयुष्यभर ज्या गोळीची बाजू मांडली, ती एकटी पुरेशी वेगवान नाही, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून जगासमोर ठेवले.

ऑनर्सच्या वर्गात हा निबंध वाचायला द्यावा. त्यातले संख्याशास्त्र समजायला थोडी मदत लागेल, पण त्यातले धैर्य समजायला कोणाच्या मदतीची गरज नाही.

वक्तृत्व वेगळे, युक्तिवाद वेगळा

महाराष्ट्राला वादाचे वावडे नाही. वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांचे चषक जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयाच्या कपाटात असतात. त्या स्पर्धांनी मुलांचा संकोच घालवला, भाषा दिली, हे नाकारता येणार नाही. पण स्पर्धेत बाजू आधी ठरते आणि मग मुद्दे गोळा केले जातात. ज्या मुद्द्याने आपली बाजू पडेल, तो लपवणे हे तिथे कौशल्य ठरते. संशोधनात नेमका तोच मुद्दा सर्वांत वर लिहावा लागतो.

भारतीय शास्त्रपरंपरेत यासाठी चांगला शब्द आहे, पूर्वपक्ष. आपले मत मांडण्याआधी विरुद्ध मत त्याच्या सर्वांत भक्कम रूपात, विरोधकालाही मान्य होईल असे मांडायचे आणि मगच उत्तर द्यायचे. माळेच्या बाबतीत पूर्वपक्ष ‘लोक अडाणी आहेत’ हा नाही. तो असा: रुग्णालय लांब आहे, तिथे दिवस मोडतो, पाळी बुडाली की पगार कापला जातो, शिवाय डॉक्टर सांगतात ‘यावर औषध नाही, विश्रांती घ्या’, आणि हात हलवत परत यावे लागते. माळ देणारा निदान काही तरी देतो, आपुलकीने बोलतो, पथ्य सांगतो. तेलकट आणि दारू बंद करायला तोही सांगतो. हा पूर्वपक्ष नीट लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तरही अधिक चांगले सुचते. मग तो ‘माळ बंद करा’ म्हणण्याऐवजी ‘माळ देणाऱ्याकडून धोक्याची लक्षणे असलेला रुग्ण वेळेत रुग्णालयात कसा पोहोचेल’ असा प्रश्न विचारू लागतो. हा प्रश्न सुटण्याजोगा आहे.

लिहिणे म्हणजे विचार तपासणे

लेखनाचा अर्थ महाविद्यालयांत सध्या बहुतेक वेळा ‘पाने भरणे’ असा होतो. प्रस्तावना एकीकडून, व्याख्या दुसरीकडून, निष्कर्ष तिसरीकडून. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई. नियम हवाच. पण साम्य मोजणारे सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळतात का ते पाहते. विचार कुणाचा, हे ते सांगू शकत नाही. आता तर चॅटजीपीटीसारखी साधने मिनिटभरात एकही वाक्य न चोरलेला, सफाईदार आणि पूर्णपणे पोकळ प्रबंध लिहून देतात. कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या निबंधांचे संदर्भही बेमालूम जोडतात. शून्य टक्के साम्य आणि शून्य टक्के विचार, अशी वही आता सहज तयार होते.

त्यावर बंदी हा उपाय चालणार नाही. चालतो तो वेगळा प्रश्न. विद्यार्थ्याने काय लिहिले यासोबत ते कसे ठरवले, हे तोंडी विचारावे. ‘हा आकडा कुठून आला? मूळ निबंध उघडून दाखव. यात तुझ्या मताविरुद्ध काय सापडले? हा अभ्यास काय सांगू शकत नाही?’ ज्याने काम केले आहे, तो अडखळत का होईना उत्तर देतो. ज्याने केले नाही, त्याची वही कितीही सुबक असली तरी दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

एक छोटा प्रश्न, नीट विचारलेला

चौथ्या वर्षाचा प्रकल्प मोठा असण्याची गरज नाही. उदाहरणार्थ: ‘गेल्या वर्षभरात नागापूर परिसरात ज्या घरांत कावीळ झाली, त्यांनी पहिला सल्ला कुणाचा घेतला आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचायला किती दिवस लागले?’ एवढा प्रश्न पुरे. पण तो नीट विचारायचा तर किती गोष्टी शिकाव्या लागतात! फक्त रुग्णालयात विचारले तर तिथवर पोहोचलेलेच भेटतील. फक्त माळ देणाऱ्याकडे विचारले तर बरे होऊन परत आलेलेच भेटतील. म्हणून घरोघर जावे लागेल आणि ठरलेल्या क्रमाने जावे लागेल. ओळखीची घरे निवडून चालणार नाही. लोकांना वर्षापूर्वीचे नीट आठवत नाही, हे गृहीत धरावे लागेल. नाव न लिहिता नोंद, संमती, नैतिकता समितीची परवानगी या गोष्टी आरोग्याच्या बाबतीत टाळता येत नाहीत. आणि शेवटी एक पान असे हवे, ज्यात हा अभ्यास काय सिद्ध करत नाही ते लिहिलेले असेल. खरे तर गुणांचा मोठा वाटा त्या पानाला द्यावा.

भाषेचा मुद्दा इथे येतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजीत युक्तिवाद करायला लावला, की ती विचार सोडून शब्द शोधू लागते आणि मग उचलेगिरीखेरीज मार्ग उरत नाही. पहिला मसुदा मराठीत लिहू द्यावा. इंग्रजी सारांश नंतर शिकवता येतो. नागापूरच्या घरांतल्या उत्तरांचा प्रबंध मराठीत असेल, तर तो त्या घरांना वाचूनही दाखवता येईल, आणि ‘तुम्ही चुकीचे लिहिले’ असे सांगण्याची संधी त्यांना मिळेल. याहून चांगला परीक्षक कोणता?

आक्षेप खरे आहेत. अनेक महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत. एकेका मार्गदर्शकाच्या पदरी डझनभर विद्यार्थी पडले तर त्याने वाचायचे तरी किती? आजवर ज्यांना स्वतःला कुणी असे शिकवले नाही, ते दुसऱ्याला कसे शिकवणार? यावर एकच व्यवहार्य उत्तर दिसते: कमी विद्यार्थी, लहान प्रश्न, जास्त बैठका. पन्नास प्रबंधांपेक्षा पाच प्रामाणिक प्रबंध बरे. जिथे मार्गदर्शक नाहीत, तिथे ‘संशोधनासह’ हे शब्द पदवीवर छापू नयेत. आणि पदवीसाठी छापील निबंधाची अट तर मुळीच घालू नये. त्याच अटीने वरच्या पायरीवर काय केले, ते वर आलेच आहे.

ही मुले पुढे बहुतेक संशोधक होणार नाहीत. ती शिक्षक होतील, कारखान्यात पर्यवेक्षक होतील, ग्रामपंचायतीत निवडून येतील, बातम्या लिहितील, आई-वडील होतील. लस द्यायची का, इन्सुलिन बंद करायचे का, सर्पदंश झालेल्याला आधी कुठे न्यायचे, हे निर्णय रुग्णालयात होत नाहीत. ते घरात होतात आणि घरातल्या ‘शिकलेल्या’ माणसाकडे पाहून होतात. तो शिकलेला माणूस नुसती पदवी घेऊन बसला असेल, तर घराला त्याचा उपयोग नाही.

पुढच्या पावसाळ्यात नागापूरच्या एखाद्या घरात गरोदर वहिनीचे डोळे पिवळे होतील. शेजारून माळेचा सल्ला येईल. त्या घरातली ऑनर्सची विद्यार्थिनी आजीशी भांडणार नाही. ती विचारील, ‘कितवा महिना? किती दिवस झाले? झोप जास्त येते आहे का, उलट्या थांबत नाहीत का?’ आणि मग म्हणेल, ‘माळ घालायची तर घाला. पण रिक्षा बोलवा, आधी रक्त तपासून येऊ.’ चौथ्या वर्षाचे बारा श्रेयांक तेवढे शिकवू शकले, तरी पुष्कळ झाले.